आठ रिळांचं झाड

कोट त्या खुर्चीच्या पाठीवर टाका. ओला आहे म्हणून संकोच नको. खुर्ची जुनी आहे, तिने याहून ओले पाहुणे पाहिलेत. फक्त परत बोळकंडीत जाऊन टांगू नका. आत येताना तुमचा हात तिकडे वळला तेव्हा मी तुमची बाही धरली, ती उगाच नाही. बसा. दिवा थोडा मोठा करतो.

तुम्ही आजोबांच्या जन्माची नोंद विचारायला आलात. नगरपालिकेत कुणीतरी म्हणालं असेल, एमिलियान म्हाताऱ्याला विचारा, त्याला सगळं पाठ आहे. खरं आहे. जन्म-मृत्यूच्या खिडकीमागे मी एकतीस वर्षं बसलो. माझ्या सहीशिवाय या गावात कुणी रीतसर मेलं नाही. लोक रडत यायचे आणि मी म्हणायचो, "साहेब गेले. उद्या या." साहेब बऱ्याचदा आत जेवत असायचे. पण 'उद्या या' हे शब्द कारकुनाच्या जिभेवर एकदा बसले, की घरी आल्यावर टोपीसारखे काढून ठेवता येत नाहीत.

माझी बायको लेओंतिना शिवणकाम करायची. आमची ओळखच बटणामुळे झाली. माझ्या कोटाचं बटण लोंबत होतं आणि ती तिच्या भावाच्या जन्माचा दाखला न्यायला आली होती. दाखल्यासाठी तिला तीन दिवस खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी तिने खिडकीतून हात घालून माझं बटण शिवून टाकलं. दोऱ्याचे सात वेढे बटणाच्या बुडाशी घ्यायचे आणि गाठ आतल्या बाजूला लपवायची, ही तिची पद्धत. ते बटण अजून आहे. कोट दोनदा बदलला.

मुलगी एकच, ओतिलिया. ती इटलीत बोलोन्याला एका नव्वदीच्या म्हातारीला सांभाळते. आमच्या गावातल्या निम्म्या मुली दुसऱ्यांच्या आयांना आंघोळ घालायला तिकडे गेल्यात. तिने एकदा घरसजावटीचं एक मासिक पाठवलं. त्यातलं एक पान लेओंतिनाने कापून चुलीशेजारी चिकटवलं. दारापाशी कोट कसे टांगावेत याच्या कल्पना होत्या त्यात: भिंतीला आडवी शिडी, जुन्या दाराची फळी, घोड्याचे नाल. आणि एक खरंखुरं झाड. साल काढून, घासून गुळगुळीत केलेलं, फांदीफांदीवर कोट.

"असं करून द्याल?" ती म्हणाली.

"करतो की."

"कधी?"

"उद्या."

पान अकरा वर्षं तिथे होतं. तेल उडून उडून ते आरपार दिसायला लागलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात ती अंथरुणाला खिळली. सोमवारी म्हणाली, "ओतिलियाला बोलवा." मी म्हटलं, पोरीची रजा, तिकिटाचा खर्च, तू आठवड्यात उठून बसशील. उद्या फोन करतो. मंगळवारी तिने परत विचारलं. बुधवारी विचारलं नाही, नुसती दाराकडे बघत राहिली. गुरुवारी सकाळी गेली. मग मी फोन केला. धुक्यामुळे विमानं बंद होती. मुलगी मातीला पोचली नाही. एवढं लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नाही.

आमच्याकडे प्रेतापुढे एक झाड नेतात, हे तुम्हाला माहीत आहेच. तुमच्या आजोबांच्या पुढेही नेलं होतं. आमच्या परसातलं आलुबुखाराचं कोवळं झाड तोडलं. सरळ खोड, आठ फांद्या. बायकांनी त्यावर सफरचंदं टांगली, पावाची गोल कडी, अक्रोड, कंगवा, आरसा, रुमाल. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली आणि मी ते झाड झाम्फिरा मावशीच्या हातात दिलं. ही शेजारीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. "हे लेओंतिनाचं," मी म्हणालो. "तिला पोचो," ती म्हणाली. झालं. त्या झाडावर जे टांगलं, ते खायचं जिवंत माणसाने, पण पोचायचं मेलेल्याला. मग उघडं झाड स्मशानाच्या भिंतीशी टाकून सगळे घरी जेवायला येतात.

आमच्या घरी जेवायला साठ माणसं आली. बोळकंडीत कोट अडकवायच्या खुंट्या सहा. पाचव्या घासाला खुंट्यांची फळी भिंतीच्या गिलाव्यासकट खाली आली. पाहुणे गेल्यावर मी त्या कोसळलेल्या फळीकडे बघत उभा राहिलो. घरात एवढी शांतता होती, की चुलीजवळचं ते पान धगीने वाळून कडकडलेलं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी हातगाडी घेऊन गेलो आणि भिंतीशी पडलेलं झाड घरी आणलं.

चूक होती ती. आमच्या गावात चार वर्षांच्या मुलालाही कळतं, की ते लाकूड उंबऱ्याच्या आत आणायचं नसतं. पण मी कारकून. मला वाटलं, विधी संपला, शिक्का बसला, आता हे नुसतं लाकूड. शिवाय एकदा तरी काहीतरी 'उद्या'वर न टाकता करावंसं वाटलं. उशीर फक्त अकरा वर्षं आणि एका दिवसाचा झाला होता.

महिनाभर पडवीत बसून साल काढली, घासलं, जवसाचं तेल चोळलं. कोबी आंबवायच्या मोठ्या बरणीत सिमेंट भरून त्यात खोड उभं केलं. फांद्यांची टोकं कोटाला टोचू नयेत म्हणून लेओंतिनाच्या शिवणाच्या डब्यातली लाकडी रिळं बसवली, एकेका फांदीला एक. आठ. झाड असं सुरेख झालं, की ते दाखवायला घरात कुणी नाही याचाच राग आला.

चाळिसाव्या दिवशी मेलेल्याचे कपडे दान करतात, डोक्याच्या रुमालापासून बुटांपर्यंत, म्हणजे तिकडे उघड्याने हिंडावं लागत नाही. मी सगळं झाम्फिरा मावशीला दिलं. फक्त तो तपकिरी कोट ठेवून घेतला, केसाळ कॉलरचा.

"आणि कोट रे?" मावशीने विचारलं.

"कसर लागली."

"थंडीचे दिवस आहेत, एमिलियान."

"कसर लागली म्हटलं ना मावशी. कसरीला थंडी-ऊन कळत नाही."

कोट मी झाडावर टांगला. कारण सांगायला लाज वाटते, पण या वयात लाजेलाही पेन्शन मिळालेली असते. संध्याकाळी चार वाजता आपल्याकडे अंधारून येतं. दार उघडलं, की बोळकंडीत कुणीतरी पाठमोरं उभं आहे असं वाटायचं. "आलो ग," असं म्हणायला कुणीतरी.

आठवड्याने पाहिलं तर कोटाची बटणं लावलेली. मी तो मोकळा टांगला होता. म्हातारपण, मनाशी म्हटलं, आणि मोकळा केला. सकाळी परत गळ्यापर्यंत बंद. खालच्या काठाला ओली काळी माती. कॉलरमध्ये हात घातला तर... उबदार. नुकता अंगावरून उतरवल्यासारखा. वास मात्र तिचा नव्हता. तळघरात बटाटे ठेवतो ना आपण, तो वास.

तुम्ही म्हणाल, घाबरलो असेन. नाही हो. मला आनंद झाला. मी तिचे हातमोजे टांगले, लोकरीची शाल टांगली. कापडी पिशवीत अक्रोड टांगले. चार दिवसांनी पिशवी उतरवली तर हलकी लागली. अक्रोड सगळे होते, एकही फुटलेला नाही, कुठे भोक नाही. फोडून पाहिले, तर आत काही नव्हतं. पुसून घेतल्यासारखं स्वच्छ. मी त्या रिकाम्या टरफलांसमोर बसून, काय सांगू तुम्हाला, हसलो. घरात कुणीतरी जेवत होतं.

माझा स्वतःचा राखाडी कोट मी दाराच्या खिळ्यालाच टांगत होतो. सवय म्हणून. शहाणपण म्हणून नव्हे.

फेब्रुवारीअखेर झाम्फिरा मावशीने मला फाटकाशी गाठलं. आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, त्या तिला चढवत नाहीत; म्हणून ते झाड आता घरात आहे, हे तिने पाहिलंच नव्हतं.

"तुझी बायको आली होती स्वप्नात."

"बरी आहे ना?"

"चेष्टा करू नकोस मेल्या. म्हणाली, आता थंडी नाही वाजत, कोट मिळाला." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "कुठला कोट रे? कसरीने खाल्लेला?"

मी फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिलो.

"आणखी काय म्हणाली?"

"विचारत होती, पोरगी कधी येते."

चौथ्या दिवशी, एक मार्चला, मी पाव आणायला गेलो होतो. परत आलो तर दार उघडं, स्वयंपाकघरात बत्ती, आणि ओतिलिया चुलीपाशी. न कळवता आली होती, क्रायोवा शहराहून येणाऱ्या बसने. तिची म्हातारी आठ दिवसांसाठी मुलाकडे गेली होती.

"बाबा! झाड केलंत! आईला हवं होतं अगदी तस्सं!"

"हो ग. जरा उशीर झाला."

"तुम्हाला 'जरा' म्हणजे किती ते मला माहीत आहे," ती म्हणाली आणि हसता हसता रडली.

बोळकंडीत तिचा पिवळा कोट झाडावर होता, आईच्या कोटाशेजारी. गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

"बटणं तू लावलीस?"

"मी? मी तर नुसता फेकला त्याच्यावर. का?"

तपकिरी कोटाची बाही पिवळ्या कोटाच्या खांद्यावर टाकलेली होती. बाही कशी पडेल ते काही सांगता येत नाही, हे मान्य. पण मी तिथे पाचेक मिनिटं उभा होतो. एवढे दिवस अक्रोड फोडून बसलेल्या माणसाला काय कळायला हवं होतं, ते मला कळत होतं. पोरीचा कोट तिथून उतरवायला हवा होता. पण दोन कोट शेजारीशेजारी, स्वयंपाकघरात बशीचा आवाज, आणि मी दारात... घरात तीन माणसं होती. एक रात्र राहू दे, मनाशी म्हटलं. उद्या काढू.

सकाळी ओतिलिया उठली नाही. हात बर्फासारखे. ताप नव्हता, उलट पारा पस्तिसाच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, प्रवासाचा शीण, गरम चहा द्या. तिला तीन गोधड्या घातल्या, चूल लाल केली. पिवळा कोट आणून तिच्या अंगावर घातला, तेव्हा जरा बरं वाटलं. पण तिला झोप लागली, मी पाणी गरम करायला गेलो आणि आलो तर कोट अंगावर नव्हता. झाडावर होता. बटणं लावून.

तिसऱ्या दिवशी तिचे ओठ निळे पडले आणि ती आईशी बोलायला लागली. "हो... येते... थांब ना ग, बूट घालते."

झाम्फिरा मावशी सूप घेऊन आली. त्या दिवशी मात्र तिन्ही पायऱ्या चढली, हातावर आणि गुडघ्यावर. बोळकंडीत आली आणि तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

"हे लाकूड..." ती कुजबुजली. "मी स्वतः भिंतीशी टाकलं होतं हे."

"सुंदर झालंय ना?" मी म्हणालो. माणूस घाबरला, की काहीही बोलतो.

"गाढवा! विधी झालेलं झाड ते. त्याच्यावर जे टांगशील ते तिचं. तू पोरगीच टांगलीस तिथे."

"उतरवतो. आत्ता उतरवतो."

"दिलेलं परत घेता येत नाही. भीक मागणाऱ्याच्या हातातूनसुद्धा नाही." ती भिंतीला टेकली. "बदली देता येते. त्याच्याइतकं जवळचं. आणि स्वतःच्या हाताने, नाव घेऊन."

मी खिळ्यावरचा राखाडी कोट काढला. मावशीने मेणबत्ती लावली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या नावापुढे 'मृत' असं मी न अडखळता लिहीत आलो. स्वतःचं नाव घेताना मात्र अडखळलो. पिवळा कोट उतरवला. तपकिरी बाही त्याच्या खांद्यावरून सहज निघाली नाही, एवढंच सांगतो. त्या जागी माझा टांगला.

"घे लेओंतिना. हा एमिलियान."

"तिला पोचो," मावशी म्हणाली, आणि ज्योत आडवी होऊन पुन्हा उभी राहिली.

तासाभरात ओतिलियाला घाम फुटला. संध्याकाळी तिने सूप मागितलं. जे उरलं होतं ते दिलं. चार दिवसांनी ती पिवळा कोट घालून बसमध्ये चढली. मावशी मला म्हणाली, "हे झाड आजच्या आज स्मशानात नेऊन टाक." मी म्हटलं, उद्या.

खरं सांगू? मी तयारीत होतो. मी आता लेओंतिनाचा होतो, रीतसर. दाढी रोज करत होतो, पायमोजे धुतलेले ठेवत होतो. इतक्या उशिरा का होईना, तिचं एक काम मी 'उद्या'वर टाकलं नव्हतं. मार्च गेला, एप्रिल गेला. माझी तब्येत उत्तम. डॉक्टर म्हणाले, काका, तुम्ही शंभरी गाठाल. मला तो शाप वाटला.

परवा ओतिलियाचा फोन आला.

"बाबा, तिकडे गार आहे का?"

"पाऊस आहे. तिकडे?"

"अठ्ठावीस डिग्री. सगळे अर्ध्या बाह्यांत फिरतायत." मग हळूच म्हणाली, "मी कोट घालून बसलेय. काढला की थंडी वाजते. तिकडून आल्यापासून असंच आहे. तुम्हाला काळजी नको म्हणून बोलले नव्हते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि बाबा, आज गळ्याचं बटण लावायला गेले. मी ते कधी लावत नाही, म्हणून लक्षात आलं नव्हतं. ते माझं नाहीये. तपकिरी आहे. शिंगाचं. लाल-पांढऱ्या दोऱ्याने शिवलंय."

एक मार्चला आपल्याकडे आया मुलींच्या कोटाला लाल-पांढऱ्या दोऱ्याचा पीळ बांधतात. लेओंतिना एकही वर्ष चुकली नव्हती.

"बुडाशी वेढे किती आहेत ग?"

ती मोजत होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"सात," ती म्हणाली. मग अगदी लहानपणच्या आवाजात, "बाबा, मी घरी येते. इथे ऊबच येत नाही. तिकडे मात्र, आईच्या कोटाशेजारी, असं वाटलं होतं की... येते मी. उद्याच्या बसने निघते."

'उद्या' या शब्दाची मला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. येऊ नकोस म्हणालो, ओरडलो, झाडाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काढून टाका मग ते." आणि फोन ठेवला. तिची बस याच पहाटे पोचते.

दाराशी ती करवत पाहिलीत? परवाच शेजाऱ्याकडून आणली. दोन मुठींची आहे, एकट्याला चालत नाही. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. लहान करवत पडवीत आहे, तीही मला दिसते. पण हे झाड गेलं, की या घरात मी एकटा. दार उघडल्यावर "आलो ग" कुणाला म्हणायचं? दोन दिवस मी हाच हिशेब करतोय, आणि तिकडे पोरगी गारठतेय. तुम्ही दार वाजवलंत, ते बरं झालं. तुमच्या आजोबांची नोंद मला पाठ आहे, सांगतो. पण आधी उठा आणि करवतीचं ते टोक धरा. आत्ता. उद्या नको.

दिवा मी घेतो. हं... या असे. हा तिचा कोट. गळ्याशी बघा, पिवळं प्लॅस्टिकचं बटण. लाल-पांढरा दोरा. आणि हा माझा राखाडी. पावणेतीन महिने झाले याला इथे. खांद्यावर बोटभर धूळ आहे, बाहीपासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळं विणलंय. बटणं मी सोडली तशीच मोकळी. तिने त्याला हातसुद्धा लावलेला नाही. स्वतःला देऊन टाकलं, आणि समोरच्याने स्वीकारलंच नाही, अशी नोंद कुठल्या रकान्यात करतात ते मला शिकवलेलं नाही.

दिवा जरा इकडे घेतो, तिच्या कोटाच्या या दुसऱ्या बाजूच्या फांदीपाशी. बाकीच्या सगळ्या रिकाम्या रिळांवर धूळ आहे; बोट फिरवून बघा. मी मार्चपासून इथे फडकं मारलेलं नाही, आणि घरात दुसरं कुणी येत नाही.

हे एक रीळ मात्र कुणीतरी पुसून ठेवलंय.